पडवीतल्या झोपाळ्यासाठी छोटा ब्लूटूथ अ‍ॅम्प: डब्यावरचे वॅट सोडा, अडॅप्टर वाचा

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका ताईंनी विचारलंय. घर जुनं, वाड्याच्या बांधणीचं. दिवाणखान्यात भावाने ठेवलेले दोन बुकशेल्फ स्पीकर आहेत, मागच्या पट्टीवर ‘८ ओहम, ८६ डीबी’ असं छापलंय (ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो तो रोध, डीबी म्हणजे डेसिबल). मागच्या पडवीत झोपाळा. आई तरुणपणी सुरसागर तलावाजवळच्या म्युझिक कॉलेजात गाणं शिकल्या. आता वय ७८. रोज संध्याकाळी झोपाळ्यावर बसून मोबाइलवर आग्रा घराण्याच्या फैयाज खाँसाहेबांना ऐकतात, पण त्या एवढ्याशा आवाजात त्यांना तानपुरा ऐकूच येत नाही. ताईंना पडवीत दोन स्पीकर लावायचेत आणि दोन्हीकडे चालेल असा छोटा ब्लूटूथ अ‍ॅम्प, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, हवाय. समोर दोन पर्याय आहेत. एकावर ‘३०० + ३०० वॅट’ लिहिलंय, किंमत अडीच हजार. दुसरा सात हजारांचा आणि त्यावर नुसते ५० + ५०. घ्यायचा कुठला? आणि उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाला, तोच अगाशीवर (गच्चीवर) नेता येईल का?

ताई, सात हजारांचा घ्या. पण पैसे देण्याआधी सोबतचा अडॅप्टर हातात घेऊन त्यावरचा बारीक मजकूर वाचा. तिथे २४ व्होल्ट आणि ४ अँपिअर किंवा त्याहून जास्त लिहिलेलं असेल तरच घ्या. मी २६ वर्षं बडोद्यात घरांमध्ये, सभागृहांत, देवळांत स्पीकर बसवतोय आणि बिघडलेले अ‍ॅम्प उघडतोय. या लहान डब्यांच्या बाबतीत खरं बोलणारी एकच चिठ्ठी असते आणि ती अडॅप्टरवर चिकटवलेली असते.

कारण साधं आहे. अ‍ॅम्प स्वतः ताकद तयार करत नाही, अडॅप्टरकडून आलेली ताकद गाण्याच्या तालावर स्पीकरकडे सोडतो. अडीच हजारांच्या त्या डब्यासोबत बहुतेक वेळा १२ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर येतो. १२ गुणिले ३ म्हणजे ३६ वॅट, तेही दोन्ही स्पीकर मिळून. मग ६०० वॅट येणार कुठून? पुढचा हिशोबही करून बघा. १२ व्होल्टवर चालणारा असा अ‍ॅम्प स्पीकरला जास्तीत जास्त साडेआठ व्होल्टच्या आसपास देऊ शकतो. साडेआठचा वर्ग साधारण ७२, त्याला तुमच्या स्पीकरच्या ८ ओहमने भागलं की एका बाजूला ९ वॅट. डब्यावर काहीही छापलेलं असो, यापलीकडे तो जाऊ शकत नाही.

आता २४ व्होल्टचं बघा. स्पीकरला साधारण १७ व्होल्ट मिळतात. १७ चा वर्ग २८९, भागिले ८, म्हणजे कागदावर ३६ वॅट. थोडी गळती धरा, आवाज फाटण्याआधीची मर्यादा धरा, तरी २५-३० वॅट हाताशी राहतात. या किमतीच्या बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए३११६ ही चिप असते. कंपनीच्याच माहितीपत्रकात तिची ताकद दिलीय: २१ व्होल्टवर, ४ ओहमच्या स्पीकरला, दर बाजूला ५० वॅट. पण त्यापुढे अट आहे की हा आकडा १० टक्के विकृतीचा आहे. १० टक्के विकृती म्हणजे आवाज चांगलाच चरचरतोय. म्हणून ५० लिहिलेला डबा मला प्रामाणिक वाटतो. त्याच चिपच्या जोरावर ३०० लिहिणाऱ्याने बाकी काय काय लपवलं असेल, ही शंका मला डबा उघडण्याआधीच येते.

आईंना मुळात किती ताकद लागणार तेही मोजू. ८६ डीबीचा अर्थ असा की स्पीकरला १ वॅट दिला तर १ मीटरवर ८६ डेसिबल आवाज मिळतो. झोपाळा ३ मीटरवर असेल तर उघड्यावर त्यातले साडेनऊ-दहा डेसिबल कमी होतात. दोन स्पीकर म्हणून ३ परत मिळतात. म्हणजे १-१ वॅटवर झोपाळ्याशी ७९-८० डेसिबल. समोरासमोर बसून आपण बोलतो ते साधारण ६० डेसिबल असतं. तेव्हा संध्याकाळच्या ऐकण्याला एका वॅटचाही थोडासा हिस्सा पुरतो. बाकीची ताकद कशाला? तबल्याची एक खणखणीत थाप क्षणभरासाठी सरासरीच्या दहापट-वीसपट मागते, ती न फाटता निघावी म्हणून. आणि ३० वॅटचे ६० केले की कानाला मिळतात फक्त ३ डेसिबल, जेमतेम जाणवतील एवढेच. वॅटच्या मागे धावण्यात खरंच काही नाही.

वयाचंही बोलतो. सत्तरीनंतर कानाचा बारीक, उंच आवाजांचा भाग कमी होतो, तानपुऱ्याच्या जवारीची, म्हणजे तारांच्या झंकाराची, झळाळी तिथेच असते. त्यामुळे आईंना आवाज मोठा करून दिला की खालचे स्वर घुमतात आणि शब्द, जवारी तसेच दबलेले राहतात. त्यांना हवाय तो जवळ लावलेला स्पीकर आणि ट्रेबलचं, म्हणजे उंच आवाज कमी-जास्त करायचं, वेगळं बटण. ताई, हे बटण असलेलाच अ‍ॅम्प घ्या. नुसत्या व्हॉल्यूमचा घेऊ नका. बटण दोन खुणा उजवीकडे फिरवून आईंना विचारा, ‘आता तानपुरा लागतोय का?’ त्या हो म्हणतील तिथे थांबा. तुमच्या कानाला ते जरा टोचेल, टोचू द्या.

आता स्पीकर जोडण्याचं. यात सगळ्यात जास्त अ‍ॅम्प मरतात, म्हणून सविस्तर लिहितो.

या लहान अ‍ॅम्पच्या दोन्ही तारांवर ताकद असते. जुन्या मोठ्या स्टिरिओमध्ये काळी तार म्हणजे बहुतेक वेळा नुसती जमीन (ग्राउंड), दोन्ही स्पीकरच्या काळ्या तारा एकत्र केल्या तरी चालायचं. इथे तसं नाही. डाव्या स्पीकरची काळी आणि उजव्याची काळी एकमेकींना लागता कामा नये, आणि दोन्हींपैकी एकीनेही डब्याच्या पत्र्याला किंवा अर्थिंगला टेकता कामा नये. मला हे शिकायला एक अ‍ॅम्प घालवावा लागला. रावपुऱ्यातल्या एका घरी भिंतीत आधीपासून पुरलेली तीन तारांची केबल होती. भिंत फोडायला नको म्हणून मी दोन तारा दोन स्पीकरना दिल्या आणि तिसरी दोघांना मिळून काळी केली. चालू केल्यावर एक सेकंद गाणं लागलं, मग टक्क असा बारीक आवाज आणि शांतता. डबा उघडला तर चिपच्या पाठीवर तांदळाच्या दाण्याएवढी भोवरी पडली होती, वास अजून आठवतो. त्या घराला मी दुसरा अ‍ॅम्प माझ्या पैशाने दिला. तेव्हापासून दर स्पीकरला दोन स्वतंत्र तारा, मग भिंत फोडावी लागली तरी चालेल.

तुम्हाला एकाच अ‍ॅम्पवर दिवाणखाना आणि पडवी दोन्ही हवेत, म्हणून स्पीकर सिलेक्टरचा डबा कुणीतरी सुचवेल. चालेल, पण तो दोन्ही तारा तोडणारा हवा. बरेच स्वस्त सिलेक्टर फक्त लाल तार बदलतात आणि काळ्या आतून एकत्र ठेवतात, म्हणजे रावपुऱ्यातलीच गोष्ट पुन्हा. दुकानात मल्टिमीटर लावून बघायला सांगा: डाव्या काळ्या टर्मिनलपासून उजव्या काळ्यापर्यंत बीप वाजली तर तो सिलेक्टर परत द्या. चारही स्पीकर एका वेळी लावायचे असतील तर ८ आणि ८ समांतर जोडून ४ ओहम होतात. अ‍ॅम्पवर ‘४ ते ८ ओहम’ लिहिलेलं असेल तर तेवढं तो पेलतो. पण पडवीसाठी ४ ओहमचे स्पीकर घेतलेत आणि ते दिवाणखान्यातल्यांशी समांतर जोडलेत तर भार ३ ओहमच्याही खाली येतो, तो पेलणार नाही.

माझं मन विचाराल तर पडवीला तिचा स्वतंत्र अ‍ॅम्प द्या. आईंना सिलेक्टर, कुठली खोली चालू आहे, हे काहीच लक्षात ठेवावं लागू नये. त्यांनी झोपाळ्यावर बसावं, मोबाइलवर गाणं लावावं, एवढंच. दिवाणखान्याचं नंतर बघता येईल.

पडवीचे स्पीकर घेताना एक फसगत आपल्याकडे फार होते. भिंतीवर लावायचे देखणे स्पीकर म्हणून दुकानदार जे दाखवतो ते पुष्कळदा शाळा, देऊळ, दुकान यांच्यासाठीचे १०० व्होल्ट लाइनचे असतात. त्यांच्या पोटात ट्रान्सफॉर्मर असतो. मागे ओहमऐवजी ‘५ वॅट, १० वॅट, २० वॅट’ अशा खुणा दिसल्या तर ओळखा. तुमच्या अ‍ॅम्पवर ते लावले की आवाज मुंगीएवढा येतो आणि लोक अ‍ॅम्पला दोष देतात. काहींच्या मागे फिरवायची कळ असते आणि तिच्यावर ‘८ ओहम’ अशी एक जागा असते. तसे असतील तर कळ तिथे आणून चालतील. नाहीतर साधे ८ ओहमचे घ्या.

पाण्याचं म्हणाल तर पडवी छताखाली आहे, झड येते तेवढीच. आयपीएक्स४ म्हणजे चहूबाजूंनी उडालेलं पाणी सोसणारा. तो पुरे. अगदी कडेला, पावसाच्या मारात असेल तर आयपी६५. जाळी अ‍ॅल्युमिनियमची बघा, लोखंडी जाळी आपल्याकडच्या दोन पावसाळ्यांत गंजते. स्पीकर छपराच्या खाली, भिंतीला लागून, तोंड किंचित खाली झोपाळ्याकडे करून लावा. भिंतीच्या आधाराने खालचे स्वर भरतात, छोट्या स्पीकरला ते हवंच असतं. तोंड शेजाऱ्यांच्या खिडकीकडे नको, घराकडे असू द्या. दोन स्पीकर फार लांब लांब लावू नका. झोपाळा हलता असल्यामुळे स्टिरिओचा नेमका मध्य आईंना मिळणारच नाही, आणि फैयाज खाँसाहेब १९५० साली गेले, त्यांची मुद्रणं सगळी मोनो आहेत, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज. डाव्या-उजव्याचा विचार न करता दोन्ही स्पीकर झोपाळ्याच्या समोर, माणूस हात पसरेल तेवढ्या अंतरावर ठेवा.

अ‍ॅम्प मात्र बाहेर ठेवू नका, तो आतल्या खोलीत. वायर पडवीपर्यंत समजा १५ मीटर झाली. वायरमनकडे असते ती तांब्याची दीड स्क्वेअरची (दीड चौरस मिलिमीटर जाडीची) वायर जोडीने ओढा. जाऊन-येऊन ३० मीटरचा रोध ०.३४ ओहम होतो, ८ ओहमपुढे तो किरकोळ. पाव किंमतीला मिळणारी पातळ लाल-काळी अर्ध्या स्क्वेअरची घेतली तर तोच रोध १ ओहमवर जातो आणि डेसिबलभर आवाज वायरच खाते. घेताना टोक ब्लेडने खरवडा. आत पांढरट दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. रोध दीडपट, शिवाय पावसाळी हवेत जोड काळे पडतात. आणि ही वायर लाइटच्या पाइपातून नेऊ नका.

ब्लूटूथबद्दल दुकानात सगळ्यात जास्त बोलतात आणि तुम्हाला त्याचं सगळ्यात कमी कारण आहे. ५.० की ५.३ या आकड्याने गाण्याचा दर्जा बदलत नाही. दर्जा ठरतो तो कोडेकवर, म्हणजे गाणं दाबून पाठवायच्या पद्धतीवर; एसबीसी, एएसी, अ‍ॅपटेक्स, एलडॅक ही त्यांची नावं. साधा एसबीसी चांगला चालवला तर सेकंदाला ३२८ किलोबिटपर्यंत जातो, एलडॅक ९९० पर्यंत. आईंचा मोबाइल आयफोन असेल तर अ‍ॅपटेक्स, एलडॅक दोन्ही बाद, तो एसबीसी आणि एएसीच बोलतो. ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेल्या गाण्यांना एसबीसी भरपूर होतो, त्यांत वरच्या टोकाला स्वरांपेक्षा तबकडीची सुरसुरच जास्त असते. तुम्ही स्वतः नवीन मुद्रणं मन लावून ऐकत असाल तर एएसी किंवा अ‍ॅपटेक्स असलेला बघा, एवढंच.

मी बघतो ते वेगळं. मागे स्क्रूने बसवलेली अँटेना आहे का? डबा धातूचा आणि अँटेना आत असेल तर तुमच्या दीड फुटी विटांच्या भिंतीपलीकडे आवाज तुटत राहणार. कागदावर १० मीटर लिहिलेलं असतं ते मोकळ्या जागेचं. वाय-फायचा राउटर आणि अ‍ॅम्प एकाच फळीवर ठेवू नका, दोघांची लहर २.४ गिगाहर्ट्झचीच. पडवीकडे उघडणाऱ्या दारालगतच्या कोनाड्यात अ‍ॅम्प बसला तर बहुतेक प्रश्न तिथेच सुटतात. दुसरं, लाइट जाऊन आली की तो आपोआप ब्लूटूथवर परत येतो का? काही डबे बंद अवस्थेतच बसून राहतात, मग ७८ वर्षांच्या बाईंनी कोनाड्यापर्यंत उठून जायचं. दुकानात प्लग काढून परत लावायला सांगा. आणि जोडणी झाली की कर्कश इंग्रजीत ओरडणारे काही असतात, त्या आवाजाला व्हॉल्यूमचं बटण लागू होत नाही. तोही ऐकून घ्या, आई दचकतील. टीव्हीसाठीही तो वापरायचा विचार असेल तर ब्लूटूथने जोडू नका, ओठ आणि शब्द जुळत नाहीत. ऑप्टिकल केबल लावा, त्याने केबल टीव्हीच्या जमिनीतून येणारी घूंऽऽ अशी घरघरही टळते.

शांततेची परीक्षा मात्र चुकवू नका. मी कुठलाही अ‍ॅम्प घेताना एकट्या तानपुऱ्याचं मुद्रण नेतो. आधी काहीच न लावता व्हॉल्यूम अर्ध्यावर ठेवायचा आणि ट्वीटरला, म्हणजे उंच आवाज काढणाऱ्या छोट्या स्पीकरला, कान लावायचा. वीतभर अंतरावरून सुरसुर ऐकू आली तर चालेल, हातभर अंतरावरून आली तर नको. मग तानपुरा हळू लावायचा, अगदी हळू. पंचमाची तार छेडल्यावर तिचा नाद विरत विरत जातो, तो शेवटपर्यंत विरताना ऐकू आला पाहिजे. खराब अ‍ॅम्पमध्ये तो मधेच सुरसुरीत बुडतो, किंवा वाईट अडॅप्टर असेल तर त्यावर बारीक शिट्टी चढते. मोठ्या आवाजात सगळेच अ‍ॅम्प बरे वाटतात. दुकानदार त्याच आवाजात दाखवतो, तुम्ही हट्टाने हळू मागा.

अडॅप्टरकडे परत येतो. त्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. हे अ‍ॅम्प क्लास डी जातीचे, मिळालेल्या ताकदीतली ८५-९० टक्के स्पीकरला देतात, म्हणून स्वतः फार तापत नाहीत. तापतो अडॅप्टर. त्यातल्या कपॅसिटरचं आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढलं की निम्मं होतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात ४२-४३ अंश काही नवलाचे नाहीत. अडॅप्टर बंद कपाटात, सोफ्यामागे, पडद्यात कोंबू नका. जमिनीवर तर नकोच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली त्यानंतर माझ्याकडे चिखलाने भरलेले कितीतरी डबे आले, बहुतेक खालच्या फळीवरचे. कोनाडा कमरेच्या वर असू द्या.

राहिलं उत्तरायण. नको, ताई. अगाशीवर भिंती नाहीत, चहूकडे दुसऱ्यांचे मोठमोठे स्पीकर लागलेले, पतंग कापल्यावरचा ‘काप्यो छे’चा गलका. त्यावर चढायला तुम्ही व्हॉल्यूम शेवटपर्यंत नेणार, अ‍ॅम्प आवाजाची टोकं कापायला लागणार, आणि तशा कापलेल्या आवाजात ट्वीटरच्या वाट्याला नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त ताकद जाते. दर वर्षी वासी उत्तरायण, म्हणजे सणाचा दुसरा दिवस, उलटली की माझ्याकडे घरगुती स्पीकरचे जळलेले ट्वीटर येतात, स्पीकर मोठा असूनही अ‍ॅम्प छोटा पडला म्हणून जळलेले. शिवाय अगाशीवर उघड्या पसरलेल्या वायरीत मांजा अडकला की स्पीकर कठड्यावरून खाली येतो. त्या दोन दिवसांसाठी भाड्याने अ‍ॅम्पसकटचा मोठा स्पीकर आणा. रात्री १० नंतर तोही बंद करा. १० ते ६ ची बंदी आहेच, आणि निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल ठेवलेली आहे. पडवीतलं गाणंही रात्री त्या बेताने ठेवलेलं बरं.

वायर विकत आणण्याआधी एक करा. आई झोपाळ्यावर बसलेल्या असताना भावाचे स्पीकर तात्पुरते पडवीत स्टुलांवर ठेवा, कुणाचा तरी अ‍ॅम्प एका संध्याकाळीपुरता मागून आणा, आणि स्टुलं मागेपुढे सरकवत आईंना विचारत राहा. त्या जिथे ‘असू दे इथेच’ म्हणतील तिथल्या भिंतीवर खडूने खूण करा. मग त्या खुणेपासून कोनाड्यापर्यंत टेप लावून लांबी मोजा आणि मला कळवा. वायर किती आणायची आणि भोक कुठून पाडायचं ते मी सांगतो.